बनसोडे सरांचा खुला दिवस

बनसोडे सरांचा टेपरेकॉर्डर वर्षातून तीन-चारदा आमच्याकडे मुक्कामाला यायचा. दिवाळीची सुटी, मे महिना, कधी मध्येच भावकीत एखादं लग्न निघालं तर. सर सायकलच्या कॅरिअरला घोंगडीत गुंडाळलेलं ते धूड बांधून आणायचे, वर कॅसेटींचा पत्र्याचा डबा, आणि दारात उभे राहून म्हणायचे, "बाई, आण्णा येतायत." बस, एवढंच. मी काही विचारायची नाही, ते काही सांगायचे नाहीत. आमच्या ह्यांनी पहिल्या खेपेला विचारलं होतं, "चोरीचा आहे का हो?" त्यावर मी त्यांना जे काय ऐकवलं, त्यानंतर त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. आण्णा म्हणजे सरांचे वडील. ते परत म्हसवडच्या एस.टी.त बसले की त्याच संध्याकाळी सर टेप घेऊन जायचे आणि जाताना त्यांच्या घरच्या वहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी माझ्या हातात ठेवायचे.

आम्ही दोघं सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका हायस्कुलात शिकवायचो. मी मराठी, ते विज्ञान. माणूस अंगानं किरकोळ, पण शर्टाला इस्त्री अशी कडक की बाकीचे शिक्षक त्यांच्याशेजारी नुकते झोपेतून उठून आल्यासारखे दिसायचे. रविवारी भाजी आणायला निघाले तरी इस्त्री. बोलणं पुस्तकी. ‘मी जातो आहे’, ‘आपण बसावं’. माणदेशातला माणूस, पण आमच्याशी बोलताना गावाकडचा एक शब्द कधी निसटला नाही. मी कधी चिडवलं, की सर, तुम्ही बोलता का व्याकरण शिकवता, तर नुसतं हसायचे.

आवाजाचं मात्र त्यांना वेड होतं, दुसरा शब्द नाही. कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावर टिचकी मारून बघणार. स्टाफरूममधल्या कपबश्या, प्रयोगशाळेतल्या नळ्या, खिडकीचे गज. माझ्या भाचीच्या लग्नाला भांडी घ्यायची होती, तेव्हा मी त्यांना हौसेनं बरोबर नेलं आणि पस्तावले. दुकानदारानं कळश्यांची रांग मांडली आणि सर एकेकीला वाजवून कान लावून बसले. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक पितळ पारखतंय. तो बिचारा दर कमी करत गेला. मला आवडलेली कळशी सरांनी नापास केली. "बद्द बोलते, बाई." मी म्हटलं, मला तिच्यात पाणी भरायचंय, तिच्याशी गप्पा नाही मारायच्या. तीच घेतली मी. अजून आमच्याकडं आहे, एक थेंब गळत नाही. सरांना मी हे दरवर्षी सुनावायची. ते म्हणायचे, "गळत नाही हे मान्य. पण बोलते बद्दच."

एवढा कान, आणि गळा म्हणाल तर शून्य. शाळेच्या प्रार्थनेला ते नुसते ओठ हलवायचे. वाद्य तर हातात कधी धरलं नाही. ऐकायचे मात्र जीव टाकून. सांगलीत संगीतसभेचं सभागृह होतं. मोठमोठे गवई-वादक तिथं येऊन गेलेले, आणि सभासद मंडळी त्या सभागृहाला देवघरासारखं जपायची. सर तिथले सभासद. मलाही त्यांनीच नादी लावलं. पहिल्या वेळी मी अर्ध्या तासात पेंगायला लागले, तर म्हणाले, "झोपा खुशाल. गाणं कुठं पळून जातंय?" झोपायला परवानगी मिळाली म्हटल्यावर झोपच गेली माझी. ते बसायचे कायम शेवटच्या रांगेत, खांबाला लागून. पुढं खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तिथंच. मी एकदोनदा म्हटलंही, सर, पुढं चला की. "इथं बरं आहे," म्हणायचे, आणि मग पुढं मीही तिथंच बसायला लागले.

टेपरेकॉर्डरचं कोडं मला सुटलं ते गॅदरिंगच्या दिवसांत. मैदानावर पोरांची लेझीम चालली होती, आणि शाळेची हलगी अशी कडाडत होती की माझा वर्ग शिकवणं अशक्य झालं. मी तणतणत प्रयोगशाळेकडं गेले, तर सर आत एकटे, खिडक्या सगळ्या लावून, घामानं निथळत बसलेले. म्हटलं, हे काय, कोंडून घेतलंय का कुणी? तर म्हणाले, "बसा बाई." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी आमच्या ह्यांनाही पुष्कळ वर्षं सांगितलं नाही.

हलगी त्यांच्या घराची. आजोबा वाजवायचे, मग आण्णा. गावात लग्न असो, जत्रा असो, मयत असो, बनसोड्यांची हलगी सगळ्यांच्या पुढं. "पुढं चालायचं, आणि जेवायला सगळ्यांच्या मागं बसायचं. तेही उकिरड्याकडच्या बाजूला," सर म्हणाले. आण्णांचा हात असा, की शेजारच्या गावचे लोक मुद्दाम मागणी करायचे. मग छप्पन साली धम्म घेतला. त्या रात्री वस्तीतल्या सगळ्यांनी ठरवलं, आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही. आण्णांनी हलगी चुलीत घातली. गावानं बोलणं टाकलं, कामं बंद केली. आण्णा सडकेच्या कामावर खडी फोडायला गेले आणि त्याच पैशावर सरांना त्यांनी शिकवलं. घरात मात्र एक नियम घालून दिला. वाद्य नाही. रेडिओ बातम्यांपुरता. बातम्या संपल्या की कान पिळून बंद. "आण्णा म्हणायचे, वाजवायचं म्हंजे दुसऱ्याच्या दारात हुबं ऱ्हायाचं." पहिल्यांदाच मी सरांच्या तोंडून ती भाषा ऐकली, पण तीही वडिलांची म्हणून.

"आणि तुम्ही इथं चोरून ऐकता," मी म्हटलं.

"चोरून नाही हो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून." मग म्हणाले, "बाई, माझ्या मनात एकच आहे. आण्णांनी एकदा त्या सभागृहात खुर्चीवर बसायचं. आणि दुसऱ्यांनी त्यांच्यासाठी वाजवायचं. अर्धा जन्म ते वाजवत आले आणि लोक चालत आले. एकदा उलटं झालेलं मला बघायचंय."

तिकीट काढून आण्णा येणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या डोक्यात ते खूळ शिरलं. संगीतसभेनं वर्षातला एक दिवस सभागृह सगळ्यांना मोकळं करायचं. तिकीट नाही, सभासदत्व नाही. कुणीही यावं, रंगमंचावर चढावं, तंबोरा छेडून बघावा, गाणं ऐकावं, वाटलं तर उठून जावं. सभेत त्यांनी हे मांडलं आणि मंडळींच्या कपाळाला आठ्या. कुणी म्हणालं, पोरं तंबोऱ्याचे भोपळे फोडतील. कुणी म्हणालं, चपला जातील. एक गृहस्थ तर म्हणाले, "ज्याला ऐकायचंय तो येतोच की. दार कुणाला बंद आहे?" सर म्हणाले, "दार उघडं आहे हो. पण ते बाहेरून कळत नाही." दोन वर्षं हा विषय असाच लोंबकळत पडला.

शेवटी संगीतसभेच्या अध्यक्षांनी त्यांना घरी बोलावलं. अध्यक्ष म्हणजे गावातले जुने डॉक्टर. माणूस सोन्यासारखा, गरिबाकडून कधी फी घेतली नाही. त्यांनी विचारलं, "बनसोडे, तुमचा एवढा आग्रह का?" आणि सरांनी, माझ्याखेरीज कुणाला न सांगितलेलं, त्यांना सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. "मग तर हे करायलाच पाहिजे," म्हणाले. सर त्या दिवशी माझ्याकडं आले ते सायकल अंगणात आडवी टाकूनच. इतक्या आनंदात मी त्या माणसाला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आण्णांना कसं पटवलं ते त्यांनी मला दोन-तीनदा तरी सांगितलं असेल. म्हसवडला जाऊन आधी टेपरेकॉर्डरची कबुली दिली. मग सर म्हणाले, "आण्णा, तितं आपुन वाजवायचं न्हाई. नुसतं बसायचं. वाजवनारं दुसरं."

"खुर्चीवर?"

"व्हय, खुर्चीवर."

"फुडं का म्हागं?"

"तुमी म्हनाल तितं."

आण्णांनी विचार केला म्हणे बराच. मग म्हणाले, "फुडं बसू."

दिवाळी होऊन हवेत गारवा आला होता. सकाळपासून सभागृहावर माणसं लोटली. कधी नव्हे ते त्या ओसरीवर पोरांचा दंगा, बायाबापड्यांची ये-जा. रंगमंचावर गालिचा पसरून तंबोरे मांडले होते. उंब्रजकडची एक बाई भोपळ्यावरून हात फिरवून विचारत होती, की ह्यो भोपळा कुटं पिकतो, असला आमच्यात येत न्हाई. ज्यांनी चपलांची काळजी केली होती ते गृहस्थ तिला पंढरपूर भागातल्या भोपळ्यांची माहिती देण्यात रंगले होते. मला मनातून बरं वाटलं.

आण्णा आले. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, डोक्याला पांढरा पटका. सगळं कोरं आणि सरांनी स्वतः इस्त्री केलेलं. उंच, ताठ माणूस, सत्तरीच्या पुढचा. मला "जय भीम" म्हणाले. दाराशी क्षणभर थांबले, मग सरळ चालत पहिल्या रांगेत गेले, खुर्चीवर हात फिरवला आणि बसले. सर त्यांच्या शेजारी. मी आणि वहिनी त्यांच्या लगेच मागच्या रांगेत. इतक्या वर्षांत सर पहिल्या रांगेत बसलेले मी प्रथमच पाहत होते.

कॉलेजातली एक मुलगी तोडी गायला बसली. सावळी, लहान चणीची, आधी घाबरलेली, मग रंगली. आण्णांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते. हातावरच बसले होते म्हणा ना. ऐकत होते, पण हात मोकळे सोडत नव्हते. थोड्या वेळानं सरांच्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, मला मागं ऐकू आलं, "हिला कोन सांगतंय का रं, म्होरं काय गायाचं?"

"न्हाई आण्णा. तिची तीच ठरवती."

"आपलं आपुन?"

"व्हय."

आण्णांनी मान हलवली आणि पुन्हा तिच्याकडं बघत राहिले. हळूहळू एक हात मांडीखालून निघून खुर्चीच्या दांडीवर आला. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, झालं, सरांच्या मनासारखं झालं.

तेवढ्यात पडद्यामागून ठण्ण असा एक आवाज आला. अगदी बारीक. हलगी शेकून ताणली की कातडं तयार झालं का बघायला एक बोट मारतात, तो. बाकी कुणाला तो कळलाही नसेल. आण्णांची पाठ ताठ झाली. सरांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं वळून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ते अर्धवट उठलेही, पण डॉक्टर तोवर रंगमंचावर आले होते. त्यांनी मुलीच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवून तिला थांबवलं आणि माईक घेतला. म्हणाले, आज आपल्यात एक जुने कलावंत बसलेत. एके काळी साऱ्या माणदेशात ज्यांच्या हलगीचं नाव होतं, परिस्थितीमुळं ज्यांची कला बंद पडली, त्यांना आज आपण या रंगमंचावर मानानं बोलावू या. शिपाई हलगी घेऊन आला. आमच्याच शाळेची, लेझमीची. डॉक्टरांनी ती शाळेतून मागवून घेतली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आण्णांनी हलगी सोडल्याचं सरांनी सांगितलं, ते डॉक्टरांनी ऐकलं होतं. का सोडली, तेही सांगितलं होतं, पण ते त्यांच्या कानाशीच राहिलं. त्यांना खरोखर वाटलं, की म्हाताऱ्याची राहिलेली इच्छा आपण पुरी करतोय. आजही मला त्यांचा राग येतो, आणि राग धरताही येत नाही.

आण्णा उठले. हात जोडले. "मी वाजवनारा न्हाई," म्हणाले. "मी आईकायला आलोय."

"अहो आजोबा, संकोच कसला? कला आहे ती."

"कला आसंल तर तुमी वाजवा की, डाक्टरसाब," आण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट समजावल्यासारखा होता. "मी बसून आईकतो."

डॉक्टर हातात हलगी घेऊन उभे, आणि ती मुलगी मागं तंबोरा धरून तशीच बसलेली. आण्णा थोडा वेळ थांबले, खरोखरच वाट बघितल्यासारखे. मग खुर्ची नीट मागं सारली आणि मधल्या वाटेनं बाहेर निघाले. सर धावले. जाताना त्यांनी आम्हा दोघींना हातानं बसा अशी खूण केली. पण ओसरीत आण्णा चपला शोधत थांबले होते तेव्हा त्यांनी सरांना जे विचारलं, ते दाराशी आलेल्या वहिनींनी ऐकलं. "ह्येच्यापायी आनलंस व्हय रं मला?"

सरांना ‘नाही’ म्हणता आलं नाही. सांगितलं तर त्यांनीच होतं ना डॉक्टरांना. सांगितलं नसतं तर तो दिवसच झाला नसता. त्या एका प्रश्नापुढं या माणसाची दोन वर्षांची खटपट, आयुष्यभराची हौस, सगळं मातीमोल झालं. एस.टी. स्टँडपर्यंत ते वडिलांच्या मागं चालत गेले. आण्णांनी गाडीत बरोबर येऊ दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर शाळेत आले. शाल आणली होती. "बनसोडे, माझं कुठं चुकलं ते तरी सांगा. अहो, मी त्यांचा मानच करत होतो." सर उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "होय डॉक्टर. मानच करत होतात." शाल घेतली नाही त्यांनी. मी तिथंच होते, माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं, पण सरांकडं बघून गिळलं.

सर पुन्हा संगीतसभेत गेले नाहीत. टेप घरात उघड्यावरच होता, कारण आता आण्णा सांगलीला येत नव्हते आणि सर लावतही नव्हते. टिचक्या मारणंही थांबलं. दर शनिवारी शाळा सुटली की म्हसवडची गाडी धरायचे. आण्णा बोलायचे, नाही असं नाही. शेळीबद्दल, पाण्याबद्दल, नातवांच्या शाळेबद्दल. त्या दिवसाबद्दल मात्र नाही. मी एकदा म्हटलं, सर, तुम्हीच काढा की विषय. तर म्हणाले, "काय म्हणून काढू?" वर्षभरानं त्यांनी संस्थेकडं अर्ज करून सातारा जिल्ह्यातली शाळा मागून घेतली. गावाला जवळ पडावं म्हणून. निरोपाच्या चहाला डॉक्टरांचा विषय कुणी काढला नाही, आणि सरांचा शर्ट नेहमीसारखाच कडक होता.

त्यानंतर त्यांची माझी गाठ एकदाच पडली. बोर्डाचे पेपर तपासायला मी साताऱ्याला गेले होते. परत निघाले तर स्टँडवर सर. केस पुष्कळ पिकलेले, शर्टाला इस्त्री नाही. म्हणाले, "आण्णा गेले, बाई. थंडीत." आम्ही बाकावर बसलो. म्हसवडची गाडी लागायची होती.

"जायच्या आधी एकदा बोलले," सर म्हणाले. "शेंगा फोडत बसलो होतो आम्ही. एकदम म्हणाले, त्या पोरीनं म्होरं काय केलं रं? मला आधी कळेना, कुठली पोरगी. मग कळलं. मी तर त्यांच्या मागं बाहेर आलेलो, मला काय ठाऊक? पण वाटलं, आपल्यामुळं तिचं बिघडलं असं त्यांना नको वाटायला. म्हटलं, गायली की आण्णा, लय येळ गायली, लय चांगली गायली. तर म्हणाले, ‘मंग आपलंच ऱ्हायलं म्हनायचं.’ आणि पुन्हा शेंगा फोडत राहिले."

लाउडस्पीकरवर कुठल्याशा गाडीची घोषणा चालली होती. ती संपली. मग सरांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "बाई, तुम्ही बसला होता ना शेवटपर्यंत? पुढं गायली का हो ती?"

खोटं बोलावं असं क्षणभर माझ्या मनात आलं. पण काय बोललं म्हणजे त्यांना बरं वाटेल, तेच मला कळेना. म्हणून खरं तेच सांगितलं. "नाही हो सर. तिला पुन्हा कुणी बसवलंच नाही. डॉक्टर बराच वेळ काहीबाही बोलले, मग एकदम पुढचा तबल्याचा कार्यक्रम लावला. ती बिचारी तंबोरा ठेवून आत निघून गेली."

"म्हणजे तेवढंच गायली?"

"तेवढंच."

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसायला लागले, आणि पुसता पुसता त्यांचा हात थांबला. "म्हंजे आण्णांचं काय ऱ्हायलं न्हाई," ते म्हणाले. "जेवढं हुतं तेवढं समदं आईकलं त्यांनी. आन मी त्यास्नी सांगितलं, की ऱ्हायलं." बोलताना ते कुणाची भाषा सांगत नव्हते. ते त्यांचंच बोलणं होतं, आणि मला ते ऐकवेना. माझ्या डोळ्यांना धार लागली.

म्हसवडची गाडी लागली. गर्दी होती. सर त्या गर्दीतून कसेबसे चढले, त्यांना खिडकी मिळाली. मी खाली उभी होते. कंडक्टरनं घंटी दिल्यावर त्यांनी खिडकीतून वाकून पुन्हा विचारलं, "नक्की ना, बाई?" मी म्हटलं, नक्की. ते आणखी काहीतरी म्हणाले, पण तोवर गाडी हलली होती आणि मला ऐकू आलं नाही.